मशिदीचं पार्किंग आणि आपलं देऊळ

अबोली

गेल्या मंगळवारी रात्री सव्वाअकरापर्यंत मी आमच्या टाउनशिपच्या सभागृहात बसून होते. न्यू जर्सीतलं गाव आहे. प्रकरण अजून चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. विषय होता मशिदीच्या अर्जाचा. रोपवाटिका बंद पडून रिकामी झालेली एक जागा इथल्या मुस्लिम कुटुंबांनी विकत घेतली आहे, आणि तिथे दीडशे माणसं नमाज पढू शकतील एवढी वास्तू त्यांना बांधायची आहे. ही चौथी सुनावणी. चारही वेळा चर्चा एकाच वाटेने गेली : पार्किंग, ट्रॅफिक, पावसाच्या पाण्याचा निचरा, कंपाउंडलगतची झाडं.

मला तिथे बसवत नव्हतं, कारण हे सगळं मी त्याच हॉलमध्ये एकदा ऐकलेलं आहे. नव्वदच्या दशकात आमच्या देवळाचा अर्ज होता. आम्ही नवे होतो, मुलगी कडेवर होती. आमच्या वकिलांनी आदल्या दिवशी निरोप दिला की बायकांनी साड्या नेसून येऊ नये. मी पँट-स्वेटर घालून गेले. टिकली लावू की नको म्हणून गाडीच्या आरशात बघत बसले आणि शेवटी काढून डॅशबोर्डवर चिकटवून ठेवली. ती टिकली मला अजून आठवते. आत एका आजोबांनी विचारलं, तुम्ही तिथे प्राणी कापणार का? एका बाईंना घंटेची काळजी होती. बाकीचे सगळे पार्किंगबद्दल बोलले.

मंगळवारी पार्किंगबद्दल माईकवर बोलायला जे उभे राहिले, त्यांत आमच्या देवळातले तिघं होते. एक जण तर तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले होते. "आमचा विरोध धर्माला नाही, ट्रॅफिकला आहे," असं ते म्हणाले, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

मला पुढच्या सुनावणीत बोलायचं आहे. देवळाच्या कमिटीचं म्हणणं, आपण यात पडू नये. तुम्ही काय केलं असतं? आणि कायद्याच्या बाजूने कुणी नीट सांगू शकेल का?

---

सहस्ररश्मी

ताई, भावना समजल्या, पण थोडं वेगळं मांडतो. पार्किंगचा प्रश्न खराही असू शकतो. आमच्याकडे शुक्रवारी दुपारी एक ते दोन मशिदीपुढच्या रस्त्यावर दुहेरी गाड्या लागतात, आणि शाळेची बस तिथेच अडकते. हे बोलणारा प्रत्येक माणूस द्वेष्टा ठरवला तर संवादच संपतो.

दुसरं. इस्लामाबादेत कृष्णाच्या देवळासाठी सरकारनेच जमीन दिली होती. २०२० च्या उन्हाळ्यात पायाभरणी झाली, आणि ओरड होताच काम थांबलं. मग आपणच सगळीकडे मोठेपणा का दाखवायचा? मी चिडून विचारत नाहीये. मला खरंच उत्तर हवं आहे.

---

कुंपण

धाग्याशी सहमत. टिकलीचं वाचून गलबलून आलं.

---

जुना वकील

अबोलीताई, इथल्या जमीनवापराच्या खटल्यांत बरीच वर्षं काम केलं आहे. तुमच्या प्रकरणाची कागदपत्रं पाहिलेली नाहीत, म्हणून सर्वसाधारण सांगतो.

२००० साली अमेरिकी काँग्रेसने प्रार्थनास्थळांच्या जमीनवापराबद्दल एक कायदा केला, त्याला आम्ही बोलताना 'आरलूपा' म्हणतो. क्लिंटन यांनी त्यावर सही केली. गावाने झोनिंग, म्हणजे कुठल्या जागेवर काय बांधता येईल याचे नियम, करू नये असं तो म्हणत नाही. पण प्रार्थनास्थळावर विनाकारण मोठं ओझं टाकता येत नाही, बिगरधार्मिक सभागृहापेक्षा त्याला वाईट वागवता येत नाही, एका धर्माला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं लावता येत नाही, आणि गावातून प्रार्थनास्थळं सरसकट हद्दपार करता येत नाहीत.

पार्किंगच्या बाबतीत तर तुमच्याच राज्यातलं उदाहरण आहे. बर्नार्ड्स टाउनशिपमधलं बास्किंग रिज. तिथल्या इस्लामिक सोसायटीने २०१२ मध्ये अर्ज केला. जागा होती चर्च स्ट्रीटवर, आणि सोसायटीचे अध्यक्ष त्याच गावाचे माजी महापौर. गावाच्या नियमात चर्च, सभागृह, नाट्यगृह यांना दर तीन जागांमागे एक गाडी असं प्रमाण होतं. दीडशे माणसांना पन्नास गाड्या. अर्जदारांनी तेवढ्या दाखवल्या. मग परवानगी देणाऱ्या प्लॅनिंग बोर्डाचं म्हणणं पडलं की मशिदीची गरज वेगळी असते, आणि आकडा १०७ वर नेला. आता १०७ गाड्यांना फरसबंदी वाढली. ती वाढली म्हणून पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा बदलावा लागला. तो बदलला म्हणून झाडांचा पट्टा पुरेना. एका आकड्यातून पुढची सगळी कारणं उभी राहिली. साडेतीन वर्षांत ३९ सुनावण्या झाल्या, आणि २०१५ च्या डिसेंबरात अर्ज फेटाळला.

सोसायटी कोर्टात गेली. पुढे केंद्रीय न्याय खात्यानेही गावावर दावा लावला. न्यायाधीशांनी २०१६ च्या शेवटच्या दिवशी पार्किंगपुरता निकाल दिला : नियमातल्या 'चर्च' या शब्दात मशीद येते, तेव्हा चर्चचं प्रमाण मशिदीलाही लागू. २०१७ मध्ये तडजोड झाली, गावाला साडेबत्तीस लाख डॉलर मोजावे लागले आणि मशिदीला वाट मोकळी झाली.

म्हणून बोर्डापुढे उभ्या राहाल तेव्हा धर्माबद्दल बोलायची गरजच नाही. एवढंच विचारा : गावात याआधी आलेल्या चर्चला, सिनेगॉगला, आपल्या देवळाला गाड्यांचा कोणता आकडा लावला होता? जुने ठराव टाउनशिपच्या कार्यालयात मागता येतात. आधी ते मागवा.

---

सहस्ररश्मी

वकीलसाहेब, हे माहीत नव्हतं. ३९ सुनावण्या म्हणजे हद्द झाली. तरी माझा दुसरा मुद्दा उभाच आहे.

---

तिसवाडीकर

सहस्ररश्मी, तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर मी गोव्याकडून बोलतो, कारण आमच्याकडे हा विषय घराघरांत आहे.

आमचा मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, पूर्वीची कुशस्थळी. आज तो प्रियोळला आहे. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. मुंबई-पुण्याहून कुळदेवतेला येणाऱ्या कित्येकांना वाटतं की देव पहिल्यापासून तिथेच आहेत. ते पळून आलेले देव आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिसवाडी, बारदेश, साष्टीत देवळं पाडली. नवीन बांधायला बंदी, जुनं दुरुस्त करायला बंदी. साष्टीतली देवळं १५६७ च्या सुमाराला पडली. तोवर लोकांनी मिळेल ते घेऊन नदी ओलांडली होती. मंगेशाचं स्थलांतर १५६० चं सांगतात.

आता नदीपलीकडे कोण होतं बघा. अंत्रूज महाल, म्हणजे आजचं फोंडा, तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीच्या हद्दीत होता. त्याच काळातली साफा मशीद आजही फोंड्यात आहे, बाजूला चिऱ्यांचं तळं. ख्रिस्ती राज्यातून पळालेल्या हिंदू देवांना आसरा मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या मुलखात. सुलतान फार उदार होते असा माझा दावा नाही, आदिलशाहीनेही देवळं पाडलेली आहेत. पण आमच्या पूर्वजांनी त्या वेळी नदीकाठी उभं राहून, पलीकडच्या लोकांचे भाईबंद दुसरीकडे कसे वागतात याचा हिशेब मागितला नाही, आणि त्या काठावरच्यांनीही यांना तो विचारला नाही.

दिवाडीच्या सप्तकोटेश्वराचंही तसंच. देव नार्व्याला आला, आणि १६६८ मध्ये शिवाजीमहाराजांनी तिथलं देऊळ नव्याने बांधून दिलं.

माझी आजी पालखीच्या दिवशी कुठ्ठाळीच्या दिशेला तोंड करून हात जोडायची. चारशे वर्षं होऊन गेली होती तरी. देवाला जागा नाकारली की ती आठवण किती काळ टिकते, ते मी त्या हात जोडण्यात पाहिलं आहे. इस्लामाबादेतल्या हिंदूंवर तो अन्याय झालाच. पण त्याची भरपाई न्यू जर्सीतल्या कुणा औषधाच्या दुकानदाराकडून कशी वसूल करणार?

---

कुंपण

तिसवाडीकर, दंडवत. आमची शांतादुर्गा. केळशीला एकदा जाऊन यायला हवं.

---

घोडबंदर

तिसवाडीकरांचा प्रतिसाद फार आवडला. पण नाण्याची दुसरी बाजू मांडतो, ठाण्याहून.

आमच्याकडे रडगाणं उलटं आहे. परवानगी मागायला कुणी जातच नाही. आधी झाडाखाली एक फोटो, मग टाइल लावलेला कट्टा, मग पत्रा, मग कळस. कुठे क्रूस, कुठे हिरवी चादर. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ ला आदेश दिला की सार्वजनिक रस्ते, बागा, मोकळ्या जागा यांवर देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा, काहीही अनधिकृत नवीन उभं राहता कामा नये, आणि जी आधीपासून आहेत त्यांचा एकेक करून निर्णय घ्यावा. आपल्या राज्य सरकारने मे २०११ मध्ये त्यावर शासन निर्णय काढला : नियमित करायची, हलवायची की पाडायची, अशी वर्गवारी. मुंबई उच्च न्यायालयात त्यावर वर्षानुवर्षं तारखा पडल्या.

आमच्या नाक्यावरचं देऊळ यादीत होतं, पलीकडच्या गल्लीतला दर्गाही होता. आमची मंडळी महापालिकेत निवेदन घेऊन गेली : आमचं जुनं आहे, त्यांचं पाडा. तिकडचे लोकही तसंच निवेदन घेऊन आले होते. दोघे एकाच बाकावर बसले होते, मी स्वतः पाहिलं. मी आमच्या निवेदनावर सही केली नाही म्हणून दोन वर्षं गणपतीच्या वर्गणीला माझ्या दारात कुणी आलं नाही.

सांगायचा मुद्दा, अबोलीताई : तुम्ही तिथे जो नियम मागताय, की सगळ्यांना एकच माप, तो इकडे आपल्या देवळाच्या विरोधात जातो तेव्हाही आपल्याला चालला पाहिजे. त्या मंगळवारच्या तिघांना कदाचित तिथेच अडचण वाटत असेल.

---

झुरिकवासी

आमच्याकडचं थोडक्यात. २९ नोव्हेंबर २००९ ला स्वित्झर्लंडने सार्वमत घेऊन नव्या मिनारांवर घटनेतच बंदी घातली. ५७.५ टक्के बाजूने. तेव्हा सगळ्या देशात मिनार होते चार. वाद पेटला होता वांगेन नावाच्या छोट्या गावातल्या एका तुर्की मंडळाच्या सहा मीटरच्या मिनारावरून. सहा मीटर म्हणजे दोन मजले.

माझ्या ट्रामच्या वाटेवर महमूद मशीद लागते, १९६३ ची. तिचा मिनार आहे, आणि रस्त्याच्या पलीकडे बरोबर समोर चर्चचा मनोरा. इतकी वर्षं दोन्ही एकमेकांकडे बघत उभे आहेत. मी रोज बघतो, मला त्यात सुंदरच वाटतं. सार्वमतात झुरिक शहराने बंदीच्या विरोधात कौल दिला. जिथे शेजार होता तिथे भीती कमी होती, असं मला वाटतं.

आणि हो, इथल्या तमिळ हिंदूंचं मोठं मुरुगन देऊळ आदलिस्विलमध्ये कारखान्यासारख्या इमारतीत आहे. बाहेरून कळतही नाही. आत गेलं की कापूर आणि नादस्वरम. आम्ही मराठी लोकही तिथेच जातो. शिखर नसल्याने आमची भक्ती अडत नाही, हे खरं. पण मुलगी विचारते की भारतातल्यासारखं आपलं देऊळ बाहेरून दिसत का नाही, तेव्हा उत्तर देताना घसा दाटतो.

---

सात नंबरची गाडी

क्वीन्समधून लिहितोय. अबोलीताई, एक दिवस फ्लशिंगला या, मी सोबत फिरवीन.

बाउन स्ट्रीटवर आपलं गणपतीचं देऊळ आहे, १९७७ च्या ४ जुलैला प्रतिष्ठा झाली. तळघरातल्या कँटीनचा डोसा खाल्ला नाही असा इथे मराठी माणूस नसेल. त्या जागी आधी रशियन चर्च होतं, त्यांच्याकडून ती विकत घेतली. रस्त्याच्या त्या भागाला २०२२ पासून 'गणेश टेंपल स्ट्रीट' असंही नाव आहे.

पण ज्याच्या नावाने मूळ रस्ता, तो जॉन बाउन कोण हे आम्ही पंचवीस वर्षं जाऊनही विचारलं नव्हतं. त्याचं लाकडी घर देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, सतराव्या शतकातलं. न्यूयॉर्क तेव्हा डचांचं न्यू नेदरलंड होतं, आणि गव्हर्नर स्टायव्हेसंटने क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना घरात घेणाऱ्याला दंड ठरवला होता. २७ डिसेंबर १६५७ ला फ्लशिंगच्या तीस गावकऱ्यांनी त्याला लेखी कळवलं की हा हुकूम आम्ही पाळू शकत नाही. सही करणाऱ्यांत क्वेकर एकही नव्हता. पत्रात ज्यू, तुर्क, इजिप्शियन यांचाही उल्लेख आहे, आणि तुर्क म्हणजे त्या काळच्या भाषेत मुसलमान. ज्याने ते पत्र लिहिलं आणि ज्याने नेऊन दिलं, दोघांनाही अटक झाली.

पाच वर्षांनी बाउनने क्वेकरांना स्वतःच्या घरात प्रार्थनेला बसू दिलं. त्याला पकडलं, देशाबाहेर काढलं. तो थेट अ‍ॅमस्टरडॅमला जाऊन वसाहत चालवणाऱ्या डच वेस्ट इंडिया कंपनीच्या मालकांपुढे उभा राहिला. १६६३ मध्ये कंपनीने गव्हर्नरला लिहिलं की लोकांच्या श्रद्धेच्या मागे लागू नको. तो परत घरी आला.

तिसवाडीकरांसाठी एक धागा जोडतो. १६५४ मध्ये आजच्या मॅनहॅटनच्या जागी असलेल्या न्यू अ‍ॅमस्टरडॅमला तेवीस ज्यू आले, ते ब्राझीलच्या रेसिफेहून. ते शहर पोर्तुगिजांनी परत जिंकलं म्हणून निघालेले. तुमच्या मंगेशाला ज्यांनी नदीपार घालवलं, तेच राज्य. आणि स्टायव्हेसंटने त्यांना सिनेगॉग बांधू दिलं नाही. मॅनहॅटनमध्ये त्यांचं पहिलं सिनेगॉग १७३० मध्ये झालं.

२०१० मध्ये लोअर मॅनहॅटनमधल्या पार्क प्लेसवरच्या इस्लामी केंद्रावरून देश पेटला, तेव्हा मी रोज ती इमारत ओलांडून ऑफिसला जायचो. आधी ते कपड्यांचं दुकान होतं. अकरा सप्टेंबरला विमानाचा एक भाग त्या छतातून आत पडला होता. माझ्याच मजल्यावरच्या एका बाईंचा भाऊ त्या दिवशी गेला. त्या म्हणायच्या, "हक्क आहे त्यांना, मला माहीत आहे, पण तिथे नको." त्यांना मी वाईट म्हणू शकत नाही. स्थानिक कम्युनिटी बोर्डाने २९ विरुद्ध १ असा पाठिंबा दिला होता. ३ ऑगस्टला महापौर ब्लूमबर्ग गव्हर्नर्स आयलंडवर बोलले, पाठीमागे स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, आणि भाषणात त्यांनी हेच फ्लशिंगचं पत्र आणि हेच नाकारलेलं सिनेगॉग काढलं. हक्क शाबूत राहिला, केंद्र मात्र झालं नाही. आज तिथे उंच निवासी टॉवर आहे.

फ्लशिंगच्या देवळापासून दोन पावलांवर मुस्लिम सेंटर आहे. शुक्रवारी गाड्या लागतात, गणपतीतही लागतात. आमच्या मिरवणुकीच्या दिवशी त्यांना त्रास होतो, जुम्म्याला आम्हाला.

---

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. वकीलकाकांनी सांगितल्याप्रमाणे जुने ठराव मागवले. आमच्या देवळाला दर तीन माणसांमागे एक गाडी, लुथेरन चर्चलाही तेच. मशिदीच्या अर्जावर सल्लागाराने दीड माणसामागे एक सुचवली आहे.

घोडबंदर, तुमचं बरोबर आहे. आमच्या देवळाने मागे कोपऱ्यात परवानगीशिवाय एक मांडव कायमचा केला आहे. ते मी कमिटीत काढलं, आणि वातावरण तापलं.

---

सहस्ररश्मी

दीड माणसामागे एक? मग मी माझा पहिला मुद्दा मागे घेतो. ट्रॅफिक खरं असेल तर ते तीनाच्या प्रमाणातही दिसेल. दुसऱ्या मुद्द्यावर अजून पूर्ण पटलेलं नाही, पण तिसवाडीकरांचं लिहिणं दोन दिवस डोक्यात आहे.

एक विचारतो : तुमच्या देवळाला शेवटी परवानगी मिळाली कशी?

---

अबोली

ते सांगायचंच राहिलं. सातव्या सुनावणीला शेजारच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे पाद्री आले. पोर्चमध्ये बर्फ झटकत होते, मला वाटलं हेही विरोधातच. माईकवर ते दोनच मिनिटं बोलले. म्हणाले, यांचे मोठे सण रविवारी सकाळी नसतात, आणि आमचं पार्किंग रविवार सोडून रिकामं असतं, ते वापरू द्या. लेखी पत्रही घेऊन आले होते. पुढच्या बैठकीत मंजुरी मिळाली. पुढे ते वारले, तेव्हा आमच्याकडून मोदकांचे डबे गेले होते, कारण दुसरं काय न्यावं कुणालाच सुचलं नाही.

---

जुना वकील

ताई, म्हणजे तुमच्याकडे उत्तर तयार आहे. सामायिक पार्किंगचा करार बोर्डापुढे फार चालतो. शुक्रवारी दुपारी तुमच्या देवळाचं पार्किंग किती भरतं?

---

अबोली

मोजलं. मी नाही, त्या तिघांपैकी एका काकांनी मोजलं, तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्यांनीच. कमिटीत मी पाद्रीबाबांचं जुनं पत्र वाचून दाखवलं, तेव्हा ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फोन आला, "मी शुक्रवारी उभा राहतो." सलग दोन शुक्रवार साडेबारा ते अडीच वही घेऊन उभे होते. ६४ जागांपैकी पहिल्या वेळी पाच भरल्या, दुसऱ्या वेळी सात, त्यांतल्या दोन गुरुजींच्या आणि स्वयंपाकघरातल्या मावशींच्या.

काल मतदान झालं. पाच विरुद्ध चार. शुक्रवारी दुपारचं पार्किंग मशिदीला वापरू देण्याचं पत्र देवळाच्या लेटरहेडवर गेलं आहे. मागच्या मांडवासाठी रीतसर अर्ज करायचंही त्याच बैठकीत ठरलं. चौघं नाराज आहेत, एकाने राजीनामा दिला आहे, आणि त्यांच्याकडे मी उद्या जाणार आहे.

पुढची सुनावणी १८ तारखेला साडेसात वाजता. बोलायचं असेल तर दारापाशी वहीत नाव लिहावं लागतं, म्हणून जवळपासच्यांनी सातच्या आत या. मी साडी नेसून येणार आहे.